चाकामागचा नारळ

अन्वी, तू परवा फोनवर सांगितलंस की तू गाडी घेतलीस. घेतलीस म्हणजे काय, तर मोबाईलवर चार वेळा बोट फिरवलंस. तिसऱ्या दिवशी एक माणूस गाडी दारात उभी करून, चावी तुझ्या हातात ठेवून निघून गेला. तुला गाडी चालवता येते का, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मागून रोहन ओरडला, "आजी, तुला गाडी मिळायला किती दिवस लागले होते?" मी म्हटलं, "पाच आठवडे." तुम्ही दोघं हसलात. तुम्हाला वाटलं, इकडे तेव्हा गाड्या मिळत नसतील.

गाडी मिळाली होती. ती पाचही आठवडे पोलादपूरच्या शोरूममध्ये, माझ्या नावाचा कागद काचेवर लावून उभी होती. मिळत नव्हती ती चावी. ती शोरूमचे मालक गणपतशेठ सकपाळ यांच्याकडे होती आणि ते देत नव्हते.

फोनवर हे नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे.

आज महाडपासून चिपळूणपर्यंत महामार्गावर 'पार्वती मोटर्स'च्या पाट्या दिसतात. पाच शोरूम, तीन वर्कशॉप, आत थंडगार हवा आणि कॉफीचं यंत्र. त्यांच्या वेबसाइटवर कंपनीचा इतिहास इंग्रजीत आहे, तो मीच लिहून दिला. त्यात खोटं एक अक्षर नाही, आणि गणपतशेठही कुठे नाहीत. एक फोटो आहे, कोट घातलेला. त्या कोटातला माणूस मी कधी पाहिला नाही.

मी पाहिलेला माणूस ठेंगणा, सडसडीत, खाकी अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला. शर्टाच्या खिशात पेन नसे, पुसायचं फडकं असे. बोलता बोलता ते समोर येईल ते पुसत. बॉनेट, टेबल, देवाचा फोटो. एकदा एका गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून, परत नाकावर बसवला होता, आणि त्या गृहस्थांचं इंजिनाबद्दलचं वाक्य चालूच होतं.

वरच्या वाडीतले ते. वाडीतले सगळे जातात तसे वयात आल्यावर मुंबईला गेले, तिथे एका गॅरेजात बारा वर्षं गाड्यांखाली झोपून काढली आणि परत आले ते एक जुनी जीप घेऊन. ती जीप पोलादपूर ते वरच्या वाड्या अशी माणसं वाहायची. मग महामार्गाला लागून पत्र्याची शेड टाकली. कशेडी उतरून आलेले ट्रकवाले ब्रेक तापले की तिथे थांबत. दुरुस्तीतून जुन्या गाड्या घेणं-देणं सुरू झालं, आणि पुढे एका मोठ्या कंपनीने त्यांना नव्या गाड्यांची एजन्सी दिली. नाव आईचं दिलं. आईचा फोटो ऑफिसात, फोटोखाली एक खिळा, आणि त्या खिळ्याला न दिलेल्या चाव्या.

गाडी सर्व्हिसिंगला आली की शेठ आधी गाडीची विचारपूस करत. "काय गो, बरी हायस ना?" असं म्हणत तिच्या दारावरून हात फिरवत. मालक बाजूला ताटकळत असे. मग त्याच्याकडे वळून, जरा दमात, "क्लच जाळलाव ना?" आमच्या तालुक्यात सासऱ्याला घाबरत नसतील इतकी माणसं त्या एका प्रश्नाला घाबरत.

तर त्यांची परीक्षा.

गाडी कोणीही घ्यावी, पण चावी घरी न्यायची तर आधी आंबेनळी घाटात जायचं. पहिला चढ संपता संपता एक उंबर आहे, तिथे रस्ता जरा रुंद होतो. त्या चढावर गाडी थांबवायची. जुना मेकॅनिक यशवंत लाल फडकं घेऊन वळणावर उभा राही. शेठ खाली उतरत, मागच्या चाकाच्या मागे चार बोटं मोजत आणि तिथे एक नारळ ठेवत. मग म्हणत, "चला."

गाडी मागे न येता वर निघाली, तर नारळ उचलायचा, त्याच नारळाने गाडीची पूजा करायची आणि चावी घेऊन घरी जायचं. गाडी मागे आली, तर नारळ चाकाखाली फुटे. शेठ रागावत नसत. तुकडे गोळा करत, एक तुकडा तुमच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "प्रसाद घ्या. पुढल्या आठवड्यात या."

मी महाडच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हजारो मुलांना नापास केलं असेल. स्वतः नापास होण्याचा अनुभव मला नव्हता. तो शेठनी चार वेळा दिला.

पहिल्या वेळी हँडब्रेक आधी सोडला. दुसऱ्या वेळी हँडब्रेक सोडलाच नाही, गाडी बंद पडली, आणि मग घाबरून सोडला. तिसऱ्या वेळी मागून एक एसटी आली. तिचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "बाई, सावकाश होऊ द्या, आमाला काय घाई नाय!" एसटीतली सगळी माणसं एका बाजूला येऊन बघायला लागली. त्यात माझे दोन माजी विद्यार्थी होते. चौथ्या वेळेबद्दल मी लिहिणार नाही.

"शेठ," मी म्हटलं, "माझ्याकडे सरकारचं लायसन्स आहे."

"ता सपाटीचा हाय," ते म्हणाले. "घाटाचा मी देतो."

नारळ फुटल्याचा तो आवाज मला आजही कळतो. देवळात फुटतो तसा नाही. जरा दबका, वर रबराचं ओझं असलेला.

फुटलेले नारळ शेठच्या घरी जात. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी यांची जीभ शेठच्या फडक्यासारखी, समोर येईल ते साफ करणारी. दारात नारळ दिसला की विचारत, "आज कोन?" माझ्या त्या पाच आठवड्यांत मी एकदा त्यांच्याकडे जेवायला होते. वाटीत सोलकढी वाढत त्या म्हणाल्या, "घ्या बाई, लाजू नका. तुमचाच हाय." आणि मग नवऱ्याकडे बघून, "साऱ्या तालुक्याची परीक्षा घेता. अवो, तुमची कोन घेनार?"

शेठ म्हणाले, "घेतील की. नेम सगळ्यांना एकच." आणि भात कालवू लागले.

तेव्हा सगळे हसले होते. पण त्यांची ती जुनी जीप अजून चालू होती, ती तेच चालवत, आणि दर रविवारी सकाळी तिच्यात बसून वरच्या वाडीला जात. वाटेत हात करील त्याला घेत. दवाखान्यात आलेली म्हातारी, मुंबईहून आलेला कुणी, बाजाराच्या पिशव्या. महामार्गावर इतक्या चकचकीत गाड्या ज्यांच्या, ते आठवडाभर वाट बघत त्या रविवारची. त्यामुळे वहिनींचा प्रश्न हसण्यावारी गेला, तरी तो प्रश्न होता, आणि वर्षं गेली तसा तो मोठा होत गेला.

परीक्षा सुरू का झाली, हे शेठनी मला एकदाच सांगितलं, तेही फडक्याने स्टिअरिंग पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. शेडच्या दिवसांत त्यांनी वाडीतल्याच एकाला एक जुनी जीप विकली होती, धंद्यातली पहिली विक्री. तो मुंबईत टॅक्सी चालवायचा, म्हणून शेठनी विचारलं नाही. पहिल्याच चढावर जीप मागे आली आणि गटारात कलली. आत त्याची आई होती, भागाआजी. पायाचं हाड मोडलं ते नीट बसलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दर बाजाराला म्हातारी लंगडत शेडवरनं जायची. वीस वर्सं. कदी एक शबुद वाकडा नाय बोलली. थांबायची न् म्हनायची, 'बरा हायस ना रे, गनू?'" ते थोडा वेळ पुसत राहिले. "शिव्या दिल्या असत्यान तर बरा झाला असता."

यानंतर माझा चौथ्या नारळाबद्दलचा राग गेला. पाचवा वाचला. त्याच्या पूजेला वहिनी स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "आमची सोलकढी बंद केलीत, बाई."

नेम सगळ्यांना एकच म्हणजे खरंच एकच. एकदा इथल्या एका पुढाऱ्यांनी पांढरी मोठी गाडी घेतली. दसऱ्याचा मुहूर्त, महाडात त्यांचा सत्कार, बँड सांगून ठेवलेला. ते म्हणाले, ड्रायव्हर परीक्षा देईल. शेठनी विचारलं, "आज चालवणार कोन?" साहेब म्हणाले, "आज मी. लोकांना दिसायला हवं." शेठ म्हणाले, "मग तुमीच बसा."

नारळ फुटला. साहेबांचे कार्यकर्ते जमिनीकडे बघू लागले. एकाने सुचवलं, "शेठ, ह्यो नारळ आम्ही पूजेत फुटला असा धरू." शेठनी साहेबांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "सत्काराला उशीर नको. मी सोडतो." साहेब आपल्या सत्काराला शेठच्या जीपमधून गेले, पुढे बँड, मागे दोन कोंबड्या, कारण वाटेत शेठनी नेहमीप्रमाणे एका बाईला घेतलं होतं. निवडणुकीत ते जिंकले. जीपमधून आले म्हणून लोकांना फार साधे वाटले.

कंपनीला मात्र हे साधं वाटलं नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली की परीक्षा बंद, आणि परीक्षा बंद की चाव्या खिळ्याला. शोरूममध्ये विकलेल्या गाड्यांची रांग लागे. पुण्याहून कंपनीचे एक तरुण अधिकारी आले. टाय, टॅब, पायांत पांढरे बूट. त्यांनी शेठना अर्धा तास समजावलं. शेठनी सगळं ऐकून घेतलं, त्यांचा टॅब पुसून दिला आणि विचारलं, "साहेब, तुमी स्वतः चालवता?" पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पांढऱ्या बुटांवर नारळाचं पाणी उडालं.

आठ दिवसांनी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. नारळाचा उपक्रम ताबडतोब थांबवावा. शेठचा मुलगा महेश ते घेऊन माझ्याकडे आला. धंदा तेव्हा त्यानेच हातात घेतला होता, पाच शोरूम ही त्याचीच कमाई. शांत मुलगा, वडिलांसमोर आवाज न चढवणारा. "बाई, एजन्सी जाईल," तो म्हणाला. "अण्णांना सांगून उपयोग नाही. तुम्ही काहीतरी लिहा."

मी उत्तर लिहिलं. त्यात नारळ हा शब्द कुठे येऊ दिला नाही. मी त्याला 'प्री-डिलिव्हरी ग्रेडियंट ओरिएंटेशन' म्हटलं, आणि त्यात 'लो-कॉस्ट, बायोडिग्रेडेबल इंडिकेटर' वापरला जातो असं कळवलं. महिन्याभराने कंपनीचं उत्तर आलं. त्यांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी महेशला मुंबईच्या एका हॉटेलात बोलावून काचेची ढाल दिली, आणि डोंगराळ भागातल्या इतर एजन्सींनीही असं काही करावं, असं सुचवलं. शेठनी ढाल उलटसुलट करून पाहिली, पुसली आणि विचारलं, "ह्याच्यावर काय लिवलाय?" मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, यातला माजा कुटला?"

मग चढावर आपणहून थांबून राहणाऱ्या गाड्या आल्या. पाय काढला तरी मागे येत नाहीत. महेशने एक आणून उंबराखाली उभी केली. शेठनी नारळ ठेवला. गाडी थांबली, निघाली, नारळ जागचा हलला नाही. गिऱ्हाईक टाळ्या वाजवत खाली उतरलं. शेठ नारळाकडे बघत राहिले. "गाडी पास झाली," ते म्हणाले. "ह्याचा काय ता कळला नाय." पण नेम म्हणजे नेम, त्यांनी चावी दिली. त्या दिवसापासून उंबराकडे जाणाऱ्या गाड्या कमी होत गेल्या.

त्यांची स्वतःची जीप मात्र तशीच होती. आणि आता एक गुपित सांगते. साऱ्या तालुक्याला ज्यांनी हँडब्रेक शिकवला, त्यांच्या जीपचा हँडब्रेक कित्येक वर्षं लागतच नव्हता. यशवंतला ते हात लावू देत नसत. चढावर ते एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही सांभाळत, टाच इकडे, चवडा तिकडे. ती कसरत मी पाहिली आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस पायाने पेटी वाजवतो आहे असं वाटे.

मग गुडघा दुखू लागला. जीपच्या मडगार्डवर एक पोचा दिसला, त्यावर त्यांनी देवीचं स्टिकर लावलं. महिन्याभराने दुसरं स्टिकर दिसलं. महेश मला म्हणाला, "बाई, आता मला देवीची भीती वाटते." पण वडिलांना रविवारी जाऊ नका म्हणण्याचं धैर्य त्याला झालं नाही. वहिनींनासुद्धा नाही, आणि त्यांना न जमलेली गोष्ट दुसऱ्या कुणाला जमणं शक्यच नव्हतं.

एका रविवारी वाडीच्या देवळाजवळच्या चढावर जीप हातभर मागे आली. मागे दुधाच्या दोन किटल्या ठेवल्या होत्या, त्या आडव्या झाल्या. कुणाला खरचटलंही नाही. किटलीवाला हसत म्हणाला, "शेठ, जीपला पन दूद पायजे व्हता वाटता!" सगळे हसले. शेठ हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. महाडला ते एसटीने आले होते. हातात पिशवी, पिशवीत नारळ.

"बाई, उद्या सकाळी येळ हाय?"

"कशाला?"

"नारळ ठेवायला."

मी त्यांना आत बसवलं. पाणी दिलं. म्हटलं, "शेठ, महेशला सांगा ना. नाहीतर यशवंत आहे."

"महेश चाराची आठ बोटां ठेवील. यशवंत ठेवायचाच नाय, रडत बसंल. न् घरची टायराला चिकटवून ठेवील." ते फडक्याने पाण्याचा पेला पुसू लागले. "तुमी मोजून ठेवाल. तुमाला सवय हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच उंबराखाली. त्यांनी जीप चढावर थांबवली. मी खाली उतरले, मागच्या चाकामागे वाकले. तुमच्यापासून काय लपवायचं? नारळ हातात घेऊन मी तिथे बराच वेळ वाकून होते. आठ बोटं ठेवली असती तर कोण मोजणार होतं? माझा हात दोनदा मागे सरकला. वरून आवाज आला, "बाई, चार."

मी चार ठेवली.

इंजिनाचा आवाज वाढला. जीप थरथरली. क्षणभर वाटलं, निघाली. मग तो आवाज आला, दबका, रबराखालचा.

मी चाकामागे दगड लावला, तेव्हा ते उतरले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकले, तुकडे गोळा केले आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. खरं तर मी त्यांच्या हातावर ठेवायला हवा होता, पण मला सुचलं नाही.

"पुढच्या आठवड्यात या," मी म्हटलं. "नियमच आहे तुमचा. मी चारदा परत आले होते."

"तुमी शिकत व्हतात, बाई," ते म्हणाले. "मी इसरतोय. त्याला पुढला आठवडा नसतो."

चावी त्यांनी माझ्या हातात दिली. जीप खाली मी आणली. दुसऱ्या गिअरवर, कपाळावर घाम. ते शेजारी बसून सबंध घाटभर उजवा पाय फळीवर दाबत होते, आणि पोलादपूर आल्यावर म्हणाले, "क्लच जाळलाव." घरी वहिनींनी पिशवीतला नारळ पाहिला. पहिल्यांदाच त्यांनी "आज कोन?" असं विचारलं नाही. खोबरं धुऊन खवायला बसल्या. चावी आईच्या फोटोखालच्या खिळ्याला गेली.

शेठ पुढच्या पावसाळ्यात गेले. झोपेत, विनासायास. जीप अजून दर रविवारी वाडीला जाते, हात करील त्याला घेते. चालवतो महेश, म्हणजे तो केव्हातरी पास झाला असणार. कितव्या खेपेला, हे तो सांगत नाही आणि वहिनी सोलकढीचा विषय निघाला की नुसत्या हसतात.

मी शेठना शेवटचं पाहिलं ते त्या पावसाळ्याआधी, एका रविवारी सकाळी. मी माझ्या गाडीतून एकटीच महाबळेश्वरला निघाले होते. उंबराच्या चढावर जीप उभी. आतली माणसं पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला उतरलेली, एक म्हातारी दगडावर बसलेली, वळणावर यशवंतचं लाल फडकं. स्टिअरिंगवर पाच शोरूमचा मालक महेश, कपाळ पुसत. आणि मागच्या चाकाशी, एक हात गुडघ्यावर ठेवून वाकलेले शेठ, बोटं मोजत होते. माझ्या गाडीचा आवाज त्यांनी ओळखला. मान वर करून पाहिलं आणि नारळ धरलेला हात हलवला.

मीही हात केला, पण थांबले नाही. चढावर थांबलं की पुन्हा निघावं लागतं, आणि शेठ बघत होते.